सतराव्या खांबाची बांधी

होळीच्या तिसऱ्या दिवशी पुनारामच्या विहिरीवरची मोटार जळली. त्या हंगामातली ही दुसरी वेळ. सकाळी लाईन आली तसं त्यानं स्टार्टरचं बटण दाबलं, मोटार घुं घुं करत राहिली, उचललीच नाही. त्यानं दोनदा बंद करून चालू केली. तिसऱ्यांदा विहिरीतून जळक्या वार्निशचा वास आला आणि त्याला खाली डोकावायची गरजच उरली नाही.

धान पोटरीवर आला होता. उन्हाळी धानाला याच दिवसांत पाणी लागतं. गर्भ धरलेल्या बाईला उपाशी ठेवू नये तसं त्याला कोरडं ठेवू नये, असं पुनारामची बायको सुमित्राबाई म्हणायची. आणि बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलाला तर भेगा पडायला लागल्या होत्या. अजून बोटभरच होत्या, पण बोट शिरतं तिथे हात शिरायला चार दिवस पुरतात.

मुलगा योगराज कोहमाऱ्याच्या चौकात गाड्यांच्या गॅरेजमध्ये कामाला होता. निरोप मिळताच तो आला. बापलेकांनी दोर लावून मोटार वर काढली, बांबूला बांधली आणि शेताच्या बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं, रस्त्याकडे निघाले. पुनारामचं वय पासष्टच्या पुढचं. बांबू खांद्यात रुतत होता, धुरा हातभर रुंद, एक पाय घसरला की मोटारीसकट बांधीत. अर्ध्या वाटेवर त्यानं खांदा बदलला तेव्हा सदऱ्यावर ओला पट्टा उमटला होता. योगराज म्हणाला, थांबू का. पुनाराम म्हणाला, चाल. योगराजनं मोटार फटफटीच्या मागे आवळली आणि पुन्हा वायंडिंग भरून आणायला कोहमाऱ्याला नेली.

सावरबोडीच्या शिवारात विजेची तार रस्त्याकडच्या डीपीपासून निघते आणि चोवीस खांबांनंतर पुनारामच्या विहिरीवर संपते. डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. गावात त्याला दुसरं नाव नाही. त्या एका डीपीवर बावीस मोटारी. पहिल्या खांबाजवळच्या केवळरामची मोटार गाणं म्हणत चालायची, मधल्या छोटेलालची कण्हत चालायची आणि शेवटच्या पुनारामची जळायची. देवानं प्रत्येकाला आपापल्या जागी ठेवलं आहे असं केवळराम म्हणायचा. पहिल्या खांबावरच्या माणसाला देव फार लवकर समजतो.

त्याच आठवड्यात गावात बातमी आली की नवी डीपी मंजूर झाली. पंचवीस केव्हीए ताकदीची, जुन्या त्रेसष्टच्या शेजारीच, रस्त्याला लागून. लोकांना आनंद झाला. पुनारामलाही झाला. घरी येऊन त्यानं सुनेला, भाग्यश्रीला सांगितलं. ती चुलीपुढे भाकर थापत होती. तिनं विचारलं, कुठे उभी करणार? रस्त्यावर म्हटल्यावर तिनं हातातली भाकर तव्यावर टाकली.

"मामाजी, तथून आपल्यापर्यंत काई नाई पोहोचनार," ती म्हणाली. "तलावाले एक तुडूम आहे, त्याच्याच बाजूले दुसरं बांधलं, तर शेवटच्या बांधीत पानी जास्त जाईल का? नाली तेच, लांबी तेच."

पुनारामच्या घराण्यात तलाव बांधायची रीत पिढ्यानपिढ्यांची, आणि तुडूम, म्हणजे तलावाच्या पाळीत, मातीच्या बांधात, बसवलेलं पाणी सोडायचं दार, हे त्याच्या हाताखालचं काम. तो गावाचा पाणकर. पावसाळी धानाला तलावाचं पाणी शेताशेतात तोच वाटून द्यायचा. त्याला सून तुडूम शिकवत होती. त्याला राग यायला हवा होता, पण गोष्ट खरी होती म्हणून राग आला नाही.

भाग्यश्रीनं लग्नाआधी अर्जुनीला आयटीआय केलं होतं, वायरमनचं. तिच्या वर्गात तेवीस पोरं आणि ती एकटी. लग्न झालं आणि प्रमाणपत्र लोखंडी पेटीत गेलं. सासरी तिच्या शिक्षणाचा उपयोग एवढाच होता की शेजारणीचा मिक्सर बंद पडला की तिला हाक यायची.

चार दिवसांनी वीज कंपनीचा ज्युनिअर इंजिनिअर आला. हिमांशु नावाचा गोंदियाचा तरुण, मराठी समजायची पण बोलताना हिंदीत घसरायचा. सोबत ठेकेदाराची दोन माणसं, टेप आणि चुन्याची पिशवी. जुन्या डीपीशेजारी चुन्यानं चौकोन आखला गेला. पंचवीस-तीस लोक जमले होते. भाग्यश्री डोक्यावर पदर घेऊन मागे उभी होती. तिनं विचारलं की शेवटच्या खांबावर व्होल्टेज किती येतं ते कुणी मोजलं आहे का. ठेकेदाराचा माणूस हसला. म्हणाला, ताई, मोजून काय करता, भात शिजवा. लोकही हसले. पुनाराम खाली चुन्याकडे बघत राहिला आणि ती गोष्ट त्याला पुढे बरेच दिवस बोचली: लोक हसले ही नाही, आपण गप्प राहिलो ही.

हिमांशु मात्र हसला नाही. त्यानं फाईल उघडून दाखवली. बावीस कनेक्शनं, प्रत्येक तीन हॉर्सपॉवरचं. बावीस त्रिक सहासष्ट. सहासष्टला जुनी त्रेसष्ट थोडी कमी पडते, म्हणून पंचवीसची जोड. हिशेब चोख होता.

"पन सर, इथं सहासष्ट नाई आहे," भाग्यश्री म्हणाली.

"दीदी, कागज पे छियासठ है. मैं अपने मन से ज़्यादा तो नहीं लिख सकता ना," हिमांशु म्हणाला. मग त्यानं सांगितलं की लोकांनी स्वतः जास्त लोड लिहून दिला, आणि मधे कुठे जागा मालकाच्या सहीनं दिली, तर तो नवा प्रस्ताव पाठवू शकतो. पण महिनाअखेरच्या आत. म्हणजे बारा दिवस. एकदा पंचवीसची उभी राहिली की या शिवाराचं नाव पुढच्या पाच वर्षांत कुणी काढणार नाही.

ते गेल्यावर भाग्यश्रीनं पेटी उघडली. आयटीआयच्या दिवसांत घेतलेलं चिमट्याचं मीटर वर काढलं, सेल बदलले. तारेला चिमटा धरला की तारेतून किती करंट जातो ते आकड्यात दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लाईन आली तशी ती आणि सुमित्राबाई निघाल्या. सुमित्राबाईंच्या हातात वही. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण सून एकटी फिरताना दिसण्यापेक्षा सासू सोबत बरी, हे न बोलता ठरलं होतं.

बाकीच्या एकवीस विहिरींवर फिरायला दोन दिवस लागले. ऊन आतापासूनच चटके देत होतं. काही जणांनी पाणी दिलं, काही जणांनी मोटारीजवळ जाऊ दिलं नाही, तिथे तिनं खांबावरून उतरणाऱ्या तारेलाच चिमटा धरला. एकानं विचारलं, कायले पायजे तुले? तीनची आहे, पाटीवर लिहिलं आहे, वाच. पाटीवर तीन लिहिलेलं होतंच. जवळजवळ सगळ्याच पाट्यांवर होतं. पण तीनच्या मोटारीनं पाच-साडेपाच अॅम्पिअर घ्यावा तिथे मीटर नऊ-दहा दाखवत होतं. पाट्या नव्या चकचकीत आणि मोटारी जुन्या. पाटीचे स्क्रूही कुठे कुठे वेगळेच.

गोष्ट साऱ्या शिवाराला ठाऊक होती आणि कुणालाच ठाऊक नव्हती. व्होल्टेज कमी म्हणून तीनची मोटार पाणी उचलेना. म्हणून माणूस पाचची घ्यायचा. पाचची घेतली तर लोड वाढवावा लागतो, बिल वाढतं, म्हणून दुकानदार पाचच्या मोटारीला तीनची पाटी ठोकून द्यायचा. पाचची लागली की व्होल्टेज आणखी पडायचं, मग शेजारी पाचची घ्यायचा. असं करत करत बावीसपैकी सतरा मोटारी पाचच्या झाल्या होत्या. झाकलेली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ झाकून झाकून धानच सुकत चालला होता.

तिसऱ्या दिवशी योगराजनं वायंडिंग भरून मोटार आणली. ती विहिरीत उतरवली, तारा जोडल्या, दुपारी गर्दी कमी असताना कशीबशी चालली. भाग्यश्रीनं चिमटा लावला. पुनाराम विहिरीच्या काठावर उकिडवा बसला होता. मीटरवर साडेनऊ आले. ती आकडा मोठ्यानं बोलली नाही. वहीत लिहिला आणि वही मिटली.

पुनारामनं तिच्याकडे पाहिलंच नाही. बांधीत पाण्याची करंगळीएवढी धार पडत होती, तिच्याकडे तो बघत राहिला. तीन वर्षांपूर्वी दुकानात दुकानदारानं विचारलं होतं, पाटी कितीची लावू काका? आणि तो म्हणाला होता, लाव सगळ्यांसारखी. एवढंच. तलावाच्या पाण्यात उभ्या जन्मात कुणी त्याच्यावर बोट ठेवलं नव्हतं.

रात्रीचं जेवण व्हायच्या आधी, दिवस मावळताना, भाग्यश्रीनं अंगणात खडूनं एक लांब रेघ ओढली. रेघेवर चोवीस खुणा, चोवीस खांब. मग सुमित्राबाईंकडून लाखोळीच्या दाण्यांची वाटी घेतली आणि प्रत्येक खांबाशी जेवढे हॉर्सपॉवर तेवढे दाणे ठेवत गेली. केवळरामपाशी पाच, पुढच्यापाशी तीन, छोटेलालपाशी पाच. शेवटी पुनारामच्या खुणेपाशी पाच दाणे ठेवले. सगळे मिळून शंभर भरले. कागदावर सहासष्ट, अंगणात शंभर.

पुनारामनं खाटेवरूनच सांगितलं की ठीक आहे, पंचवीसच्या जागी त्रेसष्टची मागू, आणि आपल्या विहिरीजवळ उभी करू. सगळ्यात जास्त त्रास शेवटच्यालाच, म्हणून डीपी शेवटी. जागा मी देतो.

भाग्यश्रीनं मान हलवली. दहाव्या खांबावर तार तोडायची, ती म्हणाली. दहापर्यंत जुनी डीपी बघेल, पुढच्या तेरा मोटारी नवी बघेल. पण नवी चोवीसला उभी केली तर अकरा-बारावाल्याचं तेच होईल जे आज आपलं होतं आहे. आपण शेवटी होतो, आता ते शेवटी होतील.

"मंग कुठं?" त्यानं विचारलं.

तिनं कोपऱ्यातली कावड आणली. एका बाजूला भरलेली घागर लावली, दुसऱ्या बाजूला अर्धी. "आत्याबाई, खांदा कुठं लावाल?" सुमित्राबाईंनी चाळीस वर्षं पाणी वाहिलं होतं. त्यांनी न बघता कावडीखाली खांदा घातला आणि तो दांडीच्या मध्यावर न लावता भरल्या घागरीकडे सरकवून उचलला. कावड सरळ राहिली. भाग्यश्रीनं रेघेवर तेच करून दाखवलं. दाणे जिकडे जास्त तिकडे सरकत सरकत तिचं बोट सतराव्या खुणेवर थांबलं.

सतरावा खांब छोटेलालच्या बांधीत होता.

पुनाराम उठून बसला. त्याचा आवाज चढला. घरचा धान सुकतो आहे, दोनदा मोटार जळली, आणि घरची सून डीपी दुसऱ्याच्या शेतात नेऊन बसवते. लोक तिला हसले तेव्हा आपण गप्प बसलो याचं त्याला वाईट वाटत होतं, तेही आता रागात मिसळलं. तो बरंच बोलला. भाग्यश्रीनं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली:

"तुमच्या आज्यानं तुडूम आपल्या शेतासमोर काऊन नाई बांधलं, मामाजी?"

तो न जेवता झोपला. सुमित्राबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि सुनेला म्हणाल्या, खरं बोललीस, पण भुकेल्या माणसाला खरं बोलू नये.

सकाळी पुनाराम तलावाच्या पाळीवर गेला. पाणी खाली गेलं होतं, मोहाची फुलं पाळीवर सांडली होती, दोन बाया टोपल्यात वेचत होत्या. आज्यानं तुडूम कुठे बांधलं होतं ते त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं: जिथून दोन्ही नाल्यांना सारखा उतार मिळतो तिथे, आपल्या शेतापासून पाऊण कोसावर. तो तिथे बराच वेळ बसला. राग गेला होता. राग गेल्यावर जे उरतं ते जास्त जड होतं. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती लपवायला आता जागा नव्हती.

तिथूनच तो छोटेलालकडे गेला. छोटेलाल बैलांना पाणी दाखवत होता. डीपीचं नाव काढताच त्यानं हात झटकले. डीपी शेतात आली की साऱ्या गावाचा पाय शेतात. फ्यूज उडाला की दहा माणसं धान तुडवत येतात, तेल गळतं, ठिणग्या पडतात, पावसाळ्यात बैलाला झटका बसला तर काय करायचं. त्यात खोटं काही नव्हतं. डीपी हवी असणारे पुष्कळ, पण ती शेजारच्या शेतात. पुनाराम वाद न घालता परत आला.

घरी आल्यावर त्यानं सुमित्राबाईंशी एक गोष्ट काढली. छोटेलालच्या घरालगत त्यांची पऱ्ह्याची बांधी होती, रोवणीआधी धानाची रोपं वाढवायची. लहानशी, पण सुमित्राबाईंनी तीस वर्षं शेणखत डोक्यावर वाहून ती लोण्यासारखी केली होती. सतराव्या खांबाच्या जागेच्या बदल्यात तिचा अर्धा तुकडा छोटेलालला द्यायचा. पुनाराम बोलला आणि बायकोच्या तोंडाकडे बघायचं टाळून सुपारी कातरत बसला.

सुमित्राबाईंनी त्याच्या हातातला अडकित्ता काढून घेतला. "दे. खत पुन्हा टाकता येते. पन एक सांगते, पयले आपल्या मोटारीचं सांग. मंग जागेचं. उलटं केलंस तं लोक म्हनतील, पानकरानं जागा देऊन तोंड बंद केलं."

तर पाटीची ती गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती.

गुरुवारी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर शेतकरी जमले. बावीसपैकी एकोणीस आले. भाग्यश्रीनं वहीतले आकडे न वाचता नुसतं सांगितलं की शिवारात शंभर हॉर्सपॉवर आहे, आणि प्रत्येकानं आपला खरा आकडा लिहून दिला तरच त्रेसष्टची डीपी मिळेल. जो तो दुसऱ्याच्या पायताणाकडे बघत होता. मग केवळराम बोलला. शंभर म्हणजे कोणाकोणाच्या पाचच्या आहेत ते नाव घेऊन सांग. आमच्या तर सगळ्यांच्या तीनच्या. बाईमाणसाच्या मीटरवर गावानं वाढीव बिल भरायचं का? दोन-चार जण हसले. चुन्याच्या चौकोनाभोवती हसले होते तेच.

या वेळी पुनाराम उभा राहिला.

"नाव मी सांगतो," तो म्हणाला. "पुनाराम. चोविसावा खंबा. माह्या मोटारीवर तीनची पाटी आहे, मोटार पाचची आहे. पाटी मीच लावून आनली. तुमी मले पानकर म्हनता. तलावाच्या पान्यात मी बोटाचा फरक केला नाई. अना तारेतून तीन वर्सं रोज चोरून राहिलो. कोनाचं चोरलं? छोटेलालचं चोरलं. छोटेलालनं माह्यं चोरलं. केवळरामभाऊले फरक पडला नाई, कारन तो पयला आहे. आता हसा."

कुणी हसलं नाही. तो खाली बसला तेव्हा त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. भाग्यश्रीनं सही करायचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तीन खोडून पाच लिहिलं आणि मोठी सही केली.

मग छोटेलाल उठला, चष्मा कपाळावर चढवून कागदाकडे बघत म्हणाला की आता म्हाताऱ्यानं माझं नाव घेतलंच आहे तर लपवून काय राहिलं. त्यानं पाच लिहिलं. त्याच्यामागून शकुंतलाबाई नावाची विधवा आली, तिची खरोखर तीनची होती. तिनं ती तीनच लिहिली आणि साऱ्यांकडे अशी पाहून गेली की तिच्यानंतरचे तिघं चटाचट उठले. दुपारपर्यंत सोळा आकडे आले, न आलेल्या तिघांसकट उरलेले संध्याकाळपर्यंत. केवळराम सगळ्यात शेवटी आला. पाच लिहिताना त्यानं आकडा इतका लहान काढला की भाग्यश्रीला दोनदा वाचावा लागला.

मग जागेचं निघालं. पुनारामनं पऱ्ह्याच्या बांधीचा अर्धा तुकडा पुढे केला. छोटेलालनं विचारलं, वहिनीला विचारलं का? सुमित्राबाई ओट्याखाली बायांत बसल्या होत्या, त्यांनी मान हलवली. छोटेलाल तिथेच हो म्हणाला नाही. संध्याकाळी एकटा येऊन त्या बांधीतली माती मुठीत घेऊन बघून गेला आणि सकाळी सही करून कागद पाठवला.

पण हे सगळं पुढच्या हंगामाचं. आज बांधीत भेग हातभर झाली होती. डीपी यायला सहा महिने तरी, आणि धानाला सहा दिवस नव्हते.

ते पुनारामनंच सुचवलं. तलावात पाणी कमी पडलं की पाळ्या लागतात. एकाच वेळी सगळ्या नाल्या उघडत नाहीत. आणि पाळी सुरू होते ती शेवटच्या बांधीपासून, कारण जवळच्याचं पाणी कुठे जात नाही, लांबच्याचा धान वाट बघत नाही. 'शेवटल्याले पयले' ही गावाची जुनीच रीत. तारेला कुणी लावून पाहिली नव्हती. एका वेळी सातच मोटारी चालवायच्या, तीन तुकड्या, आणि शेवटच्या सातांपासून सुरुवात. बाविसाव्या मोटारीसाठी केवळरामला विचारलं तर तो म्हणाला, मला कधीही द्या, माझी केव्हाही चालते. जरा आंबट तोंडानं म्हणाला, पण म्हणाला.

शनिवारी सकाळी आठला लाईन आली. पंधरा विहिरींवर पंधरा माणसं स्टार्टरला हात न लावता बसून राहिली. पंधरा माणसांनी आयती आलेली वीज सोडून बसणं सोपं नसतं. पुनाराम धुऱ्याधुऱ्यानं फिरून बघत होता, तलावावर फिरायचा तसाच, खांद्यावर फावडं घेऊन. फावड्याचं इथे काही काम नव्हतं. पण त्याच्याशिवाय पाणकर आहे असं त्याला वाटलं नसतं.

चोविसाव्या खांबावर भाग्यश्रीनं मीटर लावलं. चारशेच्या वर हवं तिथे रोज दोनशे ऐंशी व्होल्ट दिसायचे, आज तीनशे सत्तर दिसले. तिनं बटण दाबलं. मोटार एकदा कण्हली आणि धरली. पाइपातून आधी हवा, मग गढूळ पाणी, मग मनगटाएवढी जाड धार बांधीत पडली. सुमित्राबाई अनवाणी बांधीत उभ्या होत्या. भेगांतून पाणी आत जाताना बुडबुडे येत होते, मातीचा गरम वास उठत होता, आणि त्या वाकून भेग भरते का ते हातानं चाचपत होत्या. त्यांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, पदरानं तोंड पुसून पुन्हा वाकल्या.

पाळ्या महिनाभर चालल्या. दोनदा भांडणं झाली. एकानं चोरून मोटार लावली, तर भाग्यश्रीच्या मीटरवर चार खांब लांबून कळलं आणि शकुंतलाबाईनं जाऊन त्याची मोटार बंद केली. वैशाखात धान कापला. एका बाजूला पोचट निघाला, बाकी भरला. फार नाही, पण घरचं वर्षभर जाऊन थोडा विकण्याइतका.

हिमांशुनं प्रस्ताव पाठवला होता. वरून दोनदा शंका आली, दोनदा त्यानं फोन करून भाग्यश्रीकडून आकडे घेतले. दुसऱ्यांदा म्हणाला, "दीदी, आपका सर्वे मेरे सर्वे से अच्छा है. नाम लिख दूँ आपका?" ती म्हणाली, लिहा. पावसाळा गेला. दिवाळीनंतर नव्या डीपीपर्यंत उच्च दाबाची तार न्यायला सात खांब आले, ते उभे करताना गावातल्या दहा माणसांनी दोर ओढले. पौषात सतराव्या खांबाजवळ त्रेसष्टची डीपी दोन खांबांच्या मचाणावर चढली. छोटेलालनं भोवती काटेरी कुंपण घातलं आणि रस्त्याकडून यायला स्वतःच एक पायवाट आखून दिली. तिच्याबाहेर पाय टाकणाऱ्याला तो शिव्या द्यायचा.

माघात उन्हाळी धानाची रोवणी लागली. नवी डीपी आल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा बावीसच्या बावीस मोटारी एका वेळी लागल्या. साऱ्या शिवारात एकच आवाज भरून राहिला होता. बायांच्या रांगा चिखलात वाकून रोवत होत्या, ओल्या पाठींवर ऊन पडत होतं. भाग्यश्री मीटर घेऊन खांबाखांबानं फिरत आली. छोटेलालकडे चारशे दहा व्होल्ट, त्याच्यापुढे चारशे पाच. पुनारामकडे तीनशे नव्वद.

पुनाराम धार बघत बसला होता. दुपारी छोटेलाल तंबाखू मागायला आला. त्यानं आकडे ऐकले होते आणि ते त्याला खटकत होते. तुकडा पुनारामनं दिला, पाटी पुनारामनं सांगितली, आणि वीस कमी पुनारामलाच.

"तुले कमी काऊन गा?" त्यानं विचारलं. "मीटर पुन्हा लावून पाय म्हना सुनेले."

"मीटर बरोबर आहे," पुनाराम म्हणाला. त्यानं चुना मळून तंबाखू त्याच्या तळहातावर ठेवली. "मी शेवटी आहो. शेवटल्याले थोडं कमीच येते. पन येते."